चहाच्या वेळची टेप

वंदू,

आजवर तुला जेवढी पत्रं लिहिली, त्या सगळ्यांच्या माथ्यावर 'चि. वंदू हीस देवासहून आत्याचे अनेक आशीर्वाद' असं लिहीत आले. आजही हात सवयीनं 'चि.'पर्यंत गेला आणि तिथेच अडला. मागे राहिलेल्या म्हातारीनं पुढे गेलेल्या भाचीला काय लिहायचं, हे आपल्या कुठल्या जुन्या वहीत सापडत नाही. म्हणून नुसतं वंदू.

तेरावा आटोपून मी धारहून परतले त्याला आठ दिवस झाले. दादा बरा आहे. बरा म्हणजे जेवतो. तुझी निळी शाल पांघरून ओसरीवर बसतो आणि येईल त्याला सांगतो, "हमारी वंदू यूनिवर्सिटी में भाषाविज्ञान पढाती थी." पूर्ण शब्द म्हणतो बरं का, न अडखळता. हाच तुझा बाप, ज्याच्या तोंडून वीस वर्षं 'ते तुमचं भाषा-बिषा' याच्यापुढे काही निघालं नाही.

परवा तुझी केतकी आली. तुझ्याकडे शिकली, आता तुझ्याच विभागात शिकवते ती. चहा घेतला, डोळे पुसले आणि पिशवीतून एक खाकी पाकीट काढलं. "आत्या, मॅडमनी हे तुमच्याच हातात द्यायला सांगितलं होतं." आत एक जुनी कॅसेट, एक तो नखाएवढा पेन ड्राइव्ह आणि एक छापील कागद. कॅसेटवर तुझं अक्षर: 'देवास. आत्या, आतोबा. चहाची वेळ. परवानगी बाकी.'

केतकी म्हणाली, माळव्यातल्या मराठी घरांचं बोलणं तू जन्मभर गोळा केलंस, धारचं, देवासचं, कन्नौदचं, खातेगांवचं, अमझेऱ्याचं, ते सगळं आता विद्यापीठात कायमचं ठेवणार. सगळ्यांच्या सह्या आहेत. एकच राहिली. "मी रविवारी सकाळी येईन. हो असेल तर सही करून ठेवा. नाही असेल तर कॅसेट तुमच्याकडेच राहू दे, आमच्याकडची नक्कल पुसून टाकायची असं मॅडमनी लिहून ठेवलंय."

आज शनिवार आहे, वंदू. कागद समोर पडलाय, वर चष्म्याचं घर ठेवलंय, उडू नये म्हणून.

तुला सगळं ठाऊक आहे तरी मी पहिल्यापासून सांगणार. तूच म्हणायचीस ना, आत्याकडे चहा मागितला तर ती आधी म्हैस कुठून आणली ते सांगते.

तू बी.ए. झालीस, दादानं बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला आणि तू म्हणालीस, मला पुण्याला जाऊन भाषाविज्ञान शिकायचंय. तुझी समजूत घालायला दादानं मला बोलावून घेतलं. मी धारला पोचले तर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"काय शिकायचं म्हणते?" मी विचारलं.

"भाषा," दादा म्हणाला. "दीड वर्षाची असताना बोलायला लागली, अजून थांबलेली नाही. आता आणखी काय शिकायचं बाकी राहिलं?"

"भाषा नाही हो बाबा, भाषाविज्ञान."

"मग किती भाषा येतील गं तुला?" हे मी.

"आत्या, तूपण? डॉक्टरला विचारतेस का, तुम्हाला किती आजार झालेत म्हणून?"

मला हसू आवरेना, आणि तिथेच मी फितूर झाले. समजूत घालायला गेले तुझी, घालून आले दादाची. मला काय कळत होतं त्यातलं? आठवीतून उठवलेली मुलगी मी. पण सासरी आल्यावर मराठी समाजाच्या वाचनालयातली दोन कपाटं मी दुपारी दुपारी वाचून संपवली होती, आणि कोणी पोरगी काही शिकायला निघाली की मला वाटायचं, जा बाई, माझंही थोडं शिकून ये.

दादानं शेवटचं विचारलं होतं, "पण हे शिकून माणूस करतो काय?" आणि तू म्हणालीस, "ते मलाही अजून नीट माहीत नाही, बाबा." इतकं खरं बोललीस की त्याला रागावताही येईना.

त्या दिवशी दुपारी आपण दोघी गहू निवडत बसलो तेव्हा तू मला समजावलंस. "आत्या, तू बोलताना चुकत नाहीस. पण का चुकत नाहीस ते तुला सांगता येत नाही. ते शोधायचं." आणि मग म्हणालीस, "आपण घरात बोलतो ना, ते वाईट मराठी नाही. त्याची त्याची एक रीत आहे. ती कोणी लिहूनच ठेवलेली नाही." मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही. ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तू टेपरेकॉर्डर घेऊन देवासला आलीस. विभागाचं यंत्र, तुझ्या सहीवर मिळालेलं, टॉवेलमध्ये तान्ह्या बाळासारखं गुंडाळलेलं. एम.ए.च्या प्रबंधाला माळव्याची मराठी हवी होती, आणि पहिली बोलणारी मी. तुझं पत्र पंधरा दिवस आधी आलं होतं. ते पंधरा दिवस मी काय केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. वाचनालयातून तीन दिवाळी अंक आणले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून मोठ्यानं वाचले. ज्या घरात वाक्य मराठीत उठतं आणि हिंदीत जाऊन बसतं, त्या घरात मी ठरवलं, एकसुद्धा हिंदी शब्द निघू द्यायचा नाही. विद्यापीठाचं काम आहे, पोरीची शोभा व्हायला नको.

हिरवी इरकली नेसून बसले. तू विचारलंस, सकाळी उठून काय करतेस? मी म्हटलं, "प्रातःकाळी उठून मी प्रथम अंगण झाडते, तदनंतर..." तू बाफले कसे करतेस विचारलंस, तर मी बाफल्यांवर निबंध सांगितला.

"आत्या, रोज बोलतेस तसं बोल ना गं."

"रोज मी असंच बोलते," मी म्हटलं. खोटारडी!

आणि तुझे आतोबा. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून लवकर आले होते, हाताला वार्निशाचा वास, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे. शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. अर्धं मालवी, पाव हिंदी, उरलेलं मराठी. "वंदू, मला पण विचार ना कुछ. मोटर जळली की वासावरून कशी ओळखायची, ते सांगून देतो." किती हौसेनं म्हणाले होते. आणि मी काय म्हटलं? "तुम्ही नका बोलू मध्ये. तुमची मराठी ऐकली तर पुण्याचे लोक पोरीला नापास करतील."

ते बाहेर गेले. दोन दिवस ओट्यावरच बसले. चहा मागायला तेवढे आत यायचे.

तुला जायचं होतं त्या दिवशी सकाळी तू मला हाताला धरून बसवलंस. "आत्या, एक चूक झालीय. काल चहाच्या वेळी यंत्र चालूच राहिलं." आणि बटण दाबलंस. मी मेथीवालीशी भांडतेय, "क्यों री बई, पत्ता कां हे, सगळे देठच आणून राहिली तू!" मी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कोण ही बाजारबसवी, असं झालं मला. तू मात्र टाळ्या पिटत होतीस. "हेच, आत्या, हेच पाहिजे होतं! दोन दिवसांत हे एवढंच खरं आलंय."

मी म्हटलं, बंद कर. आधी बंद कर ते. पुसून टाक.

"शेवटपर्यंत ऐक तरी."

"चोरून भरून घेतलंस आणि वर ऐक म्हणतेस?"

तुझा चेहरा पडला. टेप बंद केलीस. म्हणालीस, "पुसणार नाही. पण तू हो म्हणेपर्यंत कोणाला ऐकवणारही नाही."

आणि तू शब्द पाळलास, त्याचंच तर सगळं दुखणं आहे. तुझ्या सरांनी माझ्या त्या दोन दिवसांच्या टेपा ऐकल्या आणि म्हणाले, या बाई देवासच्या नाहीत, छापखान्यातल्या आहेत. तू पुन्हा बसनं माळवा पालथा घातलास. कन्नौदला कोणाकडे राहिलीस, खातेगांवला एका शिंप्याच्या घरी, अमझेऱ्याला तापानं फणफणलीस. प्रबंध सहा महिने लांबला आणि त्या वर्षीची शिकवायची जागा, जी तुझीच म्हणून सगळे धरून चालले होते, दुसरीला गेली. हे मला कितीतरी वर्षांनी दादाकडून कळलं. त्या सहा महिन्यांत माझी चहाची टेप तुझ्या पिशवीत होती, वंदू. एकदा वाजवली असतीस तर काम झालं असतं. मला पत्तासुद्धा लागला नसता.

त्याच फाल्गुनात हे गेले. दुकानातच, हातात तारेचं भेंडोळं घेऊन.

मग आपली ती रीत पडली. मी दर भाऊबीजेला धारला यायची, दादाला ओवाळायची, आणि ओवाळणं झालं की तू फराळाचं ताट पुढे करून विचारायचीस, "काय आत्यासाहेब, यंदा परवानगी?" आणि मी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू." दादा मागून, "आला का अर्ज? झाला का नामंजूर?" तीस वर्षांत त्याचा सणच होऊन गेला.

आणि दर भाऊबीजेला तुझं काम निराळं. दादाच्या त्या प्रश्नाचं उत्तर तू दरसाल वेगळं आणायचीस. आधी कोशाच्या कचेरीत होतीस, तेव्हाची तुझी पोस्टकार्डं अजून आहेत माझ्याकडे. 'आत्या, दूध उतू जाऊन पातेल्याला लागतं त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? उलट टपाली कळव.' दादा म्हणायचा, सरकार याचा पगार देतं? मग आपल्याच धार जिल्ह्यातल्या भिलांच्या पाड्यांवर गेलीस, पहिलीची पुस्तकं करायला. एक पोर वर्षभर वर्गात मुकी बसली होती म्हणालीस, मास्तर तिला मंद समजले होते. तिच्या भाषेत पहिलं पान वाचून दाखवलं तर उठून उभी राहिली आणि चूक काढली. "चूक काढली, आत्या!" हे सांगताना तुझ्या हातातला लाडू फुटला होता.

मग तो दवाखाना. लकव्यानं बोलणं गेलेल्या माणसांजवळ बसायचीस. डॉक्टर डोक्याची नस बघतात, मी कुठले शब्द उरलेत ते बघते, असं म्हणायचीस.  तेव्हा पहिल्यांदा दादा हळूच म्हणाला, "हे चांगलं काम आहे."

आणि विद्यापीठात शिकवायला लागलीस तेव्हाची ती कंप्यूटरची कंपनी! मोबाइलला माणसाचं बोलणं शिकवायचं म्हणे. मी नातीचं नाव घेऊन त्याला म्हटलं, "गौरी कॉलेजातून येऊन राहिली, चाय ठेव." त्यानं काहीच्या बाही लिहिलं. मग मी माझी इरकलीवाली मराठी काढली, "गौरी महाविद्यालयातून येत आहे," आणि त्यानं कानामात्रा न चुकता लिहून दाखवलं. मला केवढा आनंद! तू हसली नाहीस. म्हणालीस, "बघ, यंत्राला पण लोकांनी तुझ्यासारखंच केलंय. त्यानं आपलं बोलणं कधी ऐकलंच नाही. म्हणून तुझी टेप पाहिजे मला." मी विषय बदलला. कचोरी घे, म्हटलं.

खरं कारण आज सांगते. पुण्याचे लोक हसतील, हे पहिल्या वर्षी खरं होतं. मग हे गेले, आणि त्या टेपवर यांचा आवाज असणार हे मला माहीत होतं. त्या आधी मी यांना गप्प केलेलं होतं, हेही माहीत होतं. एवढ्या हौसेनं बोलायला आलेला माणूस, चार महिन्यांनी जाणारा, आणि मी त्याला बोलू दिलं नाही. मला वाटायचं, ते दुखावून बाहेर गेले असतील आणि ते दुखणं त्या टेपवर असेल. ते मला ऐकायचं नव्हतं, आणि इतरांनी ऐकावं असं तर मुळीच नव्हतं. तुला 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले. तू एकदाच म्हणालीस, "आत्या, सांगून होत नाही ते. ऐकायलाच लागतं." मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

यंदाच्या भाऊबीजेला मी हो म्हणणार होते गं. धारच्या बसमध्ये ठरवून आले होते. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, इतकी बारीक झालेली की तुझ्या बांगड्या दादानं काढून डबीत ठेवल्या होत्या. मी दादाला ओवाळलं. तुझ्या हातात एक चकली दिली, ती तू नुसती धरून बसलीस. मी वाट बघत होते. विचार ना, वंदू. विचार. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "यंदा उशिरापर्यंत ऊन आहे, नाही?" आणि डोळे मिटलेस. विचारलंच नाहीस.

मी आपणहून का सांगितलं नाही? मला वाटलं, मी न विचारता हो म्हटलं तर तू समजशील की आत्यानं आशा सोडली. पुढच्या भाऊबीजेसाठी काहीतरी शिल्लक ठेवावं म्हणून मी गप्प बसले. एवढं बोलणारी बाई मी, आणि नेमकी तिथे गप्प.

आज सकाळी गौरी इंदूरहून आली. माझी नात तुझी लाडकी, पण मराठी वाचायला बसली की अजून बोट लावून वाचते. तिनं तो पेन ड्राइव्ह कशाला तरी जोडला. "आजी, सुनना है?" मी देवापुढची सुपारी उचलून हातात धरली, का ते विचारू नकोस, आणि म्हटलं, लाव.

आधी मेथी. मग मी. देठांवरून भांडण. कप खणखणले. मग हे आत आले, "चाय मिळेल का साहेब लोकांच्या घरी?" आणि माझं ते, पुन्हा एकदा, म्हणजे मी एकदा बोलून थांबले नव्हते बघ, "बोलू नका म्हटलं ना, तुमच्या मराठीनं पोर नापास होईल." आणि यांचा आवाज: "लो भई, हमारी तो दुकान बंद. वंदू, तुझी आत्या मराठीची कलेक्टर होऊन बसली." आणि त्यावर तू हसलीस. किती हसलीस गं. बावीस वर्षांची, खळखळून, मध्येच ठसका लागून.

मागच्या वेळी मी इतकंसुद्धा ऐकलं नव्हतं. गौरीनं थांबवू का विचारलं. मी म्हटलं, चालू दे.

मग आपण दोघी आत गेल्याचा आवाज, आणि यंत्र एकटंच चालू. बराच वेळ नुसती सायकलची घंटी, कुणाचं तरी पोर रडतंय. मग ओट्यावरून, दुरून, मेथीवाली विचारते, "भिया, अंदर कंई चली रियो हे?"

आणि हे म्हणतात, "म्हारी घरवाली की परीक्षा चली री हे, बई. घणी हुसियार हे. पास हुई जायगी."

ते दुखावले नव्हते, वंदू. पहारा देत बसले होते.

हे तुला तीस वर्षं ठाऊक होतं. दर भाऊबीजेला ताट पुढे करून तू मला हेच ऐकवायला बघत होतीस, आणि मला वाटायचं, पोरीला आपल्या कामाची पडली आहे. तुला कामाची तर होतीच. पण तुझ्या कामाचं आणि माझ्या जन्माचं एकाच टेपेत होतं, आणि तू दोन्हीसाठी माझ्या तोंडाकडे बघत थांबलीस. हिसकावून घेतलं नाहीस. भाषाविज्ञान शिकून माणूस करतो काय, दादा विचारायचा. मला विचारलं तर मी आता सांगेन, दुसऱ्याचं बोलणं त्याचं आहे हे लक्षात ठेवतो.

गौरीनं तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी ती रडली, तिच्या आजोबांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. मग म्हणाली, "आजी, तू तब कितनी मस्त बात करती थी. अभी भी करती है, बस फोन पे अकडके बोलती है." मी म्हटलं, चल हट.

आता तो कागद भरून घेतला. चष्म्याचं घर बाजूला केलं. सही मराठीत केली, सबंध नाव. खाली एक रकाना आहे, 'बोलणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे का?' तूच करून घेतला असशील हा रकाना, लाजऱ्या म्हाताऱ्यांसाठी. त्यात मी लिहिलं, नाही. माझं नाव लावावं, माझ्या यजमानांचं लावावं. मेथीवालीचं नाव मला माहीत नाही, याची लाज वाटते, तेही लिहिलं.

रकान्यात जागा संपली, म्हणून समासात आडवं लिहिलंय. उद्या केतकीला दाखवीन. 'आणि मागे जी मुलगी हसते आहे ती आमची वंदना, धारची. तिचंही नाव लिहावं. हसणं कापू नये.'